बरोबरीनंतरचा निकाल : गोल्फच्या प्रमुख अजिंक्यपद स्पर्धांतील प्लेऑफ

प्रास्ताविक

मराठवाड्यातील जत्रांच्या फडात 'निकाली कुस्ती' या शब्दाला मान आहे. माळेगावची यात्रा असो वा लातूरच्या सिद्धेश्वराची, फडाभोवती दाटीवाटीने बसलेला प्रेक्षक चितपटीची वाट पाहत असतो. दोन मल्ल बराच वेळ झुंजत राहिले आणि अखेर पंचांनी दोघांचेही हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवली, तर इनाम वाटून दिले जाते. परंतु पाहणारा मनातून अतृप्तच घरी परततो. कोण श्रेष्ठ, हा प्रश्न घेऊन तो आलेला असतो आणि तोच प्रश्न घेऊन त्याला जावे लागते.

बरोबरी झाल्यावर श्रेष्ठत्व कसे ठरवावे, हा प्रश्न केवळ कुस्तीचा नाही. प्रत्येक खेळाने, किंबहुना प्रत्येक परीक्षेने, त्याचे काही ना काही उत्तर शोधलेले आहे. प्रस्तुत लेखात पुरुषांच्या गोल्फमधील चार प्रमुख अजिंक्यपद स्पर्धांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. गोल्फ आपल्या भागात प्रत्यक्ष पाहावयास क्वचितच मिळतो. तथापि, एकाच प्रश्नाला एकाच खेळातील चार संस्थांनी चार निरनिराळी उत्तरे दिली आणि ती उत्तरे कालांतराने बदलतही नेली, असे उदाहरण अन्यत्र सहसा आढळत नाही. म्हणून हा विषय शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित राहू नये, असे वाटते.

खेळाचे स्वरूप

गोल्फच्या मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलच्या आरंभस्थानापासून, म्हणजे 'टी'पासून, चेंडू मारत मारत तो हिरवळीवरील खळग्यात टाकावयाचा असतो. कुशल खेळाडूस त्यासाठी जितके फटके लागावेत असे अपेक्षित असते, त्या संख्येस 'पार' म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर 'बर्डी', एक अधिक लागला तर 'बोगी'. प्रमुख स्पर्धा चार दिवस चालतात. रोज अठरा याप्रमाणे बहात्तर होल खेळले जातात आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो विजेता ठरतो. अमेरिकेतील मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप व यूएस ओपन आणि ब्रिटनमधील द ओपन या त्या चार स्पर्धा 'मेजर' या नावाने ओळखल्या जातात. बहात्तर होलांनंतर दोन किंवा अधिक खेळाडूंचे फटके समान झाले तर त्यांच्यात जो जादा खेळ होतो, तोच प्लेऑफ होय.

टोरी पाइन्स, जून २००८

प्लेऑफचा विषय निघाला की जाणकारांना प्रथम आठवते ती २००८ ची यूएस ओपन. कॅलिफोर्नियातील सान डिएगो शहराजवळच्या टोरी पाइन्स मैदानावर ही स्पर्धा झाली. टायगर वुड्स त्या वेळी जगातील अव्वल खेळाडू होता. मात्र एप्रिलमध्येच त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्याच पायाच्या नडगीच्या हाडाला ताणामुळे दोन ठिकाणी सूक्ष्म भेगा पडल्या होत्या. त्याचा प्रतिस्पर्धी रॉको मीडिएट पंचेचाळीस वर्षांचा, जागतिक क्रमवारीत १५८ वा आणि पात्रता फेरीतून आलेला होता. मीडिएट आपला खेळ संपवून बसला असताना बहात्तराव्या होलवर वुड्सने सुमारे बारा फुटांवरून चेंडू खळग्यात टाकला आणि बरोबरी साधली.

यूएस ओपनच्या तत्कालीन नियमानुसार दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पुन्हा पूर्ण अठरा होल खेळावयाचे होते. दहा होलांनंतर वुड्स तीन फटक्यांनी पुढे होता आणि निकाल लागल्यातच जमा होता. त्यानंतर तेराव्या, चौदाव्या व पंधराव्या होलवर मीडिएटने लागोपाठ तीन बर्डी केल्या आणि तोच एका फटक्याने पुढे गेला. अठराव्या होलवर वुड्सने बर्डी करून पुन्हा बरोबरी केली. दोघांचेही फटके ७१. अखेर 'सडन डेथ' पद्धतीने, म्हणजे ज्या होलवर फरक पडेल तेथेच निकाल या नियमाने, पुढचा होल खेळला गेला. मीडिएटला बोगी झाली, वुड्सने पार साधला आणि एक्क्याण्णवाव्या होलवर स्पर्धा संपली. आठवड्याभरात वुड्सच्या गुडघ्यावर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षी तो पुढे खेळू शकला नाही.

या प्लेऑफविषयी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. निकाल पहिल्याच जादा होलवर लावावयाचा असता, तर मीडिएट नावाचा खेळाडू किती तोलाचा होता हे जगाला कळलेच नसते. तीन फटक्यांनी मागे पडणे, भरून काढणे, पुढे जाणे यासाठी अवकाश लागतो आणि तो अठरा होलांनी दिला. पुरुषांच्या यूएस ओपनमध्ये अठरा होलांचा प्लेऑफ त्यानंतर पुन्हा झाला नाही. २०१८ मध्ये हा नियमच रद्द करण्यात आला.

छत्तीस होलांपासून एका होलपर्यंत

प्लेऑफच्या लांबीचा इतिहास हा सातत्याने आखूड होत गेलेल्या कसोटीचा इतिहास आहे. द ओपनमध्ये एकेकाळी छत्तीस होलांचा प्लेऑफ होत असे. १९६३ मध्ये न्यूझीलंडचा डावखुरा बॉब चार्ल्स याने फिल रॉजर्सला आठ फटक्यांनी हरविले, तो तेथील असा अखेरचा प्लेऑफ. पुढे अठरा होलांचा, १९८९ मध्ये प्रथमच चार होलांचा आणि २०१९ पासून तीन होलांचा नियम आला. मास्टर्समध्ये १९३५ साली जीन सॅराझेन आणि क्रेग वुड छत्तीस होल खेळले होते. १९७९ पासून तेथे थेट सडन डेथ आहे. पीजीए चॅम्पियनशिपने १९७७ मध्येच, मेजर स्पर्धांत सर्वप्रथम, सडन डेथने निकाल लावला. मात्र २००० पासून तेथे तीन होलांचे एकत्रित फटके मोजले जातात. एखाद्या संस्थेने कसोटी पुन्हा लांबविल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. यूएस ओपनमध्ये २०१८ पासून दोन होलांचा नियम आहे.

लांबीचा अतिरेकही झालेला आहे. १९३१ च्या यूएस ओपनमध्ये बिली बर्क आणि जॉर्ज फॉन एल्म बरोबरीत आले, छत्तीस होल खेळले आणि पुन्हा बरोबरीतच राहिले. आणखी छत्तीस होल खेळल्यावर बर्क केवळ एका फटक्याने जिंकला. एका विजेतेपदासाठी दोघांनी जुलैच्या उन्हात एकूण एकशे चव्वेचाळीस होल खेळले, म्हणजे जणू दोन स्पर्धा! त्यानंतर संस्थेने प्लेऑफ अठरा होलांवर आणला, यात नवल नाही.

आखूडपणाची कारणे उघड आहेत. रविवारी संध्याकाळी लाखो लोक दूरचित्रवाणीसमोर बसलेले असतात. सोमवारी ते आपापल्या कामावर जातात. मैदानावरील स्वयंसेवक, पंच, प्रक्षेपणाची यंत्रणा यांना आणखी एक दिवस थांबवून ठेवावे लागते. खेळाडूंना पुढच्या स्पर्धेसाठी प्रवास करावयाचा असतो. नियम बदलण्यामागची ही कारणे व्यावहारिक आहेत आणि त्यांत लपविण्यासारखे काही नाही. परंतु व्यवहाराने घेतलेला निर्णय न्यायाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे तपासणे अभ्यासकाचे काम आहे.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग नॉर्मनची कारकीर्द म्हणजे जणू एक प्रयोगशाळाच आहे. चारही मेजर स्पर्धांत तो प्लेऑफमध्ये हरला. १९८४ च्या यूएस ओपनमध्ये अठरा होलांत फझी झेलरने त्याला आठ फटक्यांनी हरविले. तेथे तक्रारीस जागाच नव्हती. १९८७ च्या मास्टर्समध्ये सडन डेथच्या दुसऱ्या होलवर लॅरी माइझने हिरवळीबाहेरून, सुमारे एकशे चाळीस फुटांवरून मारलेला चेंडू टप्पे घेत थेट खळग्यात गेला. असा फटका तोच खेळाडू पुन्हा शंभर वेळा मारील तर किती वेळा साधेल? १९८९ च्या ओपनमध्ये चार होलांच्या प्लेऑफची सुरुवात नॉर्मनने दोन बर्डींनी केली आणि तरीही तो हरला. १९९३ च्या पीजीएमध्ये पुन्हा सडन डेथ, पुन्हा दुसरा होल, पुन्हा पराभव. चार पराभव वरवर एकसारखे. परंतु त्यांनी मोजलेली गोष्ट एकच होती असे म्हणता येत नाही.

कौशल्य आणि योगायोग

येथे संख्याशास्त्राचा थोडा आधार घेणे उपयुक्त ठरेल. समजा, एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा किंचित सरस आहे. होलांची संख्या वाढेल त्या प्रमाणात त्याच्या सरसपणाचा लाभ वाढत जातो; अठरा होलांत तो एका होलच्या अठरापट होतो. वाऱ्याची झुळूक, चेंडूचा वेडावाकडा टप्पा, गवताचा गुंता अशा योगायोगांचा परिणाम मात्र होलांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अठरा होलांत तो सुमारे सव्वाचारपटच होतो. साहजिकच लांब कसोटीत कौशल्य योगायोगाच्या वर डोके काढते, आखूड कसोटीत ते त्याखाली दबते. एका होलचा सडन डेथ हा बऱ्याच अंशी छापा-काटा आहे, या टीकेत म्हणूनच तथ्य आहे.

परंतु हाच हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. जे दोन खेळाडू बहात्तर होलांनंतर बरोबरीत राहिले, त्यांच्यात त्या आठवड्यापुरता तरी फारसा फरक नव्हता, असे मानावयास जागा आहे. जो फरक बहात्तर होलांनी दाखविला नाही, तो आणखी अठरा होल कितपत खात्रीने दाखवितील? चाचणी परीक्षेसह सर्व परीक्षांत समान गुण मिळविणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची आणखी एक लहान परीक्षा घेतली, तर त्यातून क्रम लागेल. क्रमाची सत्यता मात्र फारशी वाढणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते लांब प्लेऑफचे समर्थन या गणितावर पुरते टिकत नाही. त्याचे खरे समर्थन टोरी पाइन्सवर दिसले तसे आहे : तो खेळाडूला सावरण्याची संधी देतो.

लांब कसोटी सर्वांना सारखीच मानवते असेही नाही. २००९ च्या ओपनमध्ये टॉम वॉटसन, वय वर्षे एकोणसाठ, अखेरच्या होलवर केवळ पार साधता तर मेजर जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला असता. त्याला बोगी झाली. चार होलांच्या प्लेऑफमध्ये स्ट्युअर्ट सिंकने त्याला सहा फटक्यांनी हरविले. चार दिवस तरुणांच्या बरोबरीने चाललेले पाय शेवटच्या तासाभरात थकले. त्या चार होलांनी कौशल्य मोजले की वय, हा प्रश्न टर्नबेरीच्या मैदानावर हजर असलेल्या अनेकांना पडला असणार.

निराळी उत्तरे

अन्य खेळांची उत्तरे गोल्फच्या शेजारी ठेवून पाहिली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्धच्या अंतिम फेरीतील दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले होते. त्यानंतरच्या जलद डावांपैकी पहिला पुन्हा बरोबरीत सुटला आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने जिंकला. या विजेतेपदाबरोबरच एकोणीस वर्षांची ही खेळाडू भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. तेथील नियम असा की प्रथम पंधरा मिनिटांचे, मग दहा मिनिटांचे, मग पाच मिनिटांचे डाव खेळावयाचे आणि तरीही बरोबरी राहिली तर त्याहून आखूड डावांनी निकाल लावावयाचा. प्रत्येक पायरीवर वेळ घटत जाते आणि खेळाचा स्वभाव बदलतो. सखोल गणनेची जागा स्फूर्ती व धैर्य घेतात. गोल्फचा प्लेऑफ आखूड झाला तरी खेळ तोच राहतो. एका होलवर देखील तोच चेंडू, तीच हिरवळ, तोच वारा. हा गोल्फचा मोठा गुण मानावा लागेल.

तिसरी पद्धत म्हणजे नव्याने काहीही न खेळता जुनाच हिशेब दुसऱ्या डोळ्याने पाहणे. हौशी गोल्फमध्ये ती रूढ आहे : फटके समान झाले तर शेवटच्या नऊ होलांतील, तेही समान असतील तर शेवटच्या सहा, तीन व अखेर एका होलवरील फटके पाहून विजेता ठरवितात. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गुण समान झाल्यास कोणाचा डाव अधिक गुणांचा होता, कोणाला ताकिदी कमी मिळाल्या आणि अखेरीस शेवटचा गुण कोणी घेतला, हे क्रमाने पाहतात. मॅटवरील कुस्तीने अशा रीतीने बरोबरी हा शब्दच पुसून टाकला आहे. फडातील जुन्या वस्तादांना हे पटत नाही, ही गोष्ट वेगळी! क्रिकेटमध्ये १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना २४१ धावांवर बरोबरीत सुटला. सुपर ओव्हरमध्येही दोन्ही संघांनी पंधरा-पंधरा धावा केल्या आणि अखेर इंग्लंडचे सव्वीस चौकार-षटकार न्यूझीलंडच्या सतरांपेक्षा अधिक म्हणून इंग्लंड विजेता ठरला. नियम आधीच छापलेला होता, तरी तो अनेकांना अन्यायकारक वाटला. कारण चौकार अधिक मारावेत म्हणून त्या दिवशी कोणीही खेळत नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा नियम रद्द झाला.

आपल्या प्राध्यापकवर्गाला हा तिसरा प्रकार सर्वाधिक परिचयाचा आहे. लातूर आणि नांदेड येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. नीट परीक्षेत गुण समान झाल्यास प्रथम जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण पाहून क्रम लावला जातो. ४ जून २०२४ रोजी जाहीर झालेल्या निकालात सदुसष्ट विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते; वाद, न्यायालयीन सुनावणी व फेरनिकाल यांनंतर ही संख्या सतरावर आली. जिथे सर्वच विषयांत पूर्ण गुण, तिथे विषयवार तुलना निरुपयोगी ठरते. खालच्या क्रमांकांवर ती चालते, पण तेथे एका-एका क्रमांकावर कोणाचे महाविद्यालय, कोणाचे गाव, कोणाचे कर्ज अवलंबून असते. इतक्या मोठ्या संख्येला प्लेऑफ देणे शक्य नाही, हे मान्य. जीवशास्त्र प्रथम का, याचे समर्थनही करता येईल. तथापि, भौतिकशास्त्रात अधिक गुण मिळविणाऱ्या मुलीला आपण नेमक्या कोणत्या कसोटीत हरलो हे समजावून सांगताना शिक्षकाची जी अवस्था होते, ती लॉर्ड्सवरील न्यूझीलंडच्या कर्णधाराहून फार निराळी नसते.

विजेतेपद वाटून घेणे हेही एक उत्तर आहेच. टोकियो ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा तांबेरी यांनी जादा उड्या नाकारून सुवर्णपदक वाटून घेतले आणि जगाने त्यांचे कौतुक केले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवेन यांनी मात्र उड्या चालू ठेवल्या; केर जिंकला. आपल्याकडील वक्तृत्व स्पर्धांत गुण समान झाले की फिरती ढाल सहा-सहा महिने दोन महाविद्यालयांत ठेवण्याचा तोडगा निघतो. दुसऱ्या सहामाहीत ती ढाल प्रत्यक्षात पोहोचतेच असे नाही, हा प्रस्तुत लेखकाचा परीक्षक म्हणून अनुभव.

भारतीय संदर्भ

भारतीय पुरुष खेळाडूने मेजर स्पर्धेत प्लेऑफ खेळल्याचे उदाहरण नाही. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला दिल्ली गोल्फ क्लबवर झालेल्या इंडियन ओपनमध्ये मात्र त्याने प्लेऑफ जिंकला. शेवटच्या दिवशी तो एस. एस. पी. चौरासियापेक्षा सात फटके मागे होता. त्याने ते अंतर भरून काढले आणि पहिल्याच जादा होलवर विजय मिळविला. चौरासिया हा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची हिरवळ राखणाऱ्या कामगाराचा मुलगा. कॅडीचे काम करीत करीत तो खेळ शिकला. पुढील दोन वर्षे, २०१६ व २०१७ मध्ये, इंडियन ओपन त्यानेच जिंकली आणि त्यासाठी त्याला प्लेऑफ खेळावा लागला नाही. येथे १९१३ च्या यूएस ओपनची आठवण होते. मैदानासमोरच राहणारा, तेथेच कॅडी म्हणून वाढलेला वीस वर्षांचा फ्रान्सिस विमेट याने अठरा होलांच्या प्लेऑफमध्ये हॅरी व्हार्डन आणि टेड रे या इंग्लंडच्या दोन नामांकित व्यावसायिकांना हरविले. फटके होते विमेट ७२, व्हार्डन ७७, रे ७८. अमेरिकेत हा खेळ श्रीमंतांच्या क्लबबाहेर गेला त्याचे बरेचसे श्रेय त्या दिवसाला दिले जाते. विमेटचा विजय सडन डेथने झाला असता, तर त्याला अपघात म्हणणारे पुष्कळ निघाले असते.

नियम आधी की खेळ आधी

१३ एप्रिल २०२५ रोजी मास्टर्समध्ये रोरी मॅकिलरॉय आणि जस्टिन रोझ बरोबरीत आले. अखेरच्या दिवशी रोझने ६६ फटके खेळले होते, मॅकिलरॉयने ७३. दिवसाचा खेळ पाहता रोझ सरस. एकूण हिशेबात दोघे समान. शेवटच्या नऊ होलांचे फटके मोजण्याची हौशी पद्धत तेथे असती, तर विजेतेपद रोझकडे गेले असते. सडन डेथच्या पहिल्याच होलवर मॅकिलरॉयने बर्डी केली आणि चारही मेजर जिंकणारा तो सहावा खेळाडू झाला. रोझ २०१७ मध्येही तेथेच, तशाच प्लेऑफमध्ये हरला होता. तरीही निकालाविषयी वाद झाला नाही. काय खेळावयाचे आहे, कोठे खेळावयाचे आहे आणि कशासाठी, हे दोघांनाही टीवर उभे राहण्यापूर्वी ठाऊक होते.

हे ठाऊक नसले तर काय होते, याचे उदाहरण फार जुने आहे. १८७६ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे द ओपन झाली. बॉब मार्टिन आणि डेव्ही स्ट्रॅथ यांचे फटके समान झाले. मात्र सतराव्या होलवर पुढचे खेळाडू हिरवळीवरून हटण्यापूर्वीच स्ट्रॅथने फटका मारला, असा आक्षेप घेतला गेला. आयोजकांनी ठरविले की आक्षेपाचा निर्णय नंतर करू, सोमवारी प्लेऑफ तर खेळा. स्ट्रॅथचे म्हणणे होते की आक्षेप मान्य होणार असेल तर प्लेऑफला अर्थ नाही. तेव्हा निर्णय आधी द्यावा. आयोजक बधले नाहीत आणि स्ट्रॅथही सोमवारी मैदानावर आला नाही. मार्टिन एकटाच मैदान चालून गेला आणि विजेता ठरला.